वॉलबीचे चुकलेले उत्तरायण

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून थोडे आत समुद्रात, गार्डन आयलंड नावाचे लांबुळके बेट आहे. लांबी सुमारे १० किलोमीटर, रुंदी जेमतेम दीड. १८२९ साली कॅप्टन जेम्स स्टर्लिंगबरोबर आलेले इंग्रज वसाहतवाले आधी याच बेटावर उतरले आणि मग मुख्य भूमीवर गेले. आता बेटाच्या दक्षिण भागात ऑस्ट्रेलियन नौदलाचा मोठा तळ आहे. त्याला त्याच स्टर्लिंगचे नाव आहे आणि तो १९७८ पासून चालू आहे. मुख्य भूमीशी जोडणारा रस्ता, धक्के, कार्यशाळा, इमारती, पाणी घालून हिरवी ठेवलेली मैदाने असे सगळे तिथे आहे. उरलेल्या बेटावर बाभळीच्या कुळातली दाट झुडपे आणि सायप्रसची झाडे. तिथे रात्र पडली की खरोखर अंधार होतो. तळावर होत नाही. कुठल्याही बंदरात जळतात तसे तिथेही रात्रभर दिवे जळतात.

या दोन्ही भागांत एकच प्राणी राहतो: टॅमर वॉलबी. घराणे कांगारूचे, पण अंगापिंडाने छोटी. मादी एखाद्या थोराड बोक्याएवढी, ४ ते ६ किलोची. नर थोडा मोठा. दिवसभर झुडपांच्या आडोशाला बसायचे आणि अंधार पडला की चरायला बाहेर पडायचे, असा तिचा दिनक्रम. खरे तर रात्रक्रमच म्हणायला हवा.

२०१५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज बी’ या नियतकालिकात कायली रॉबर्ट, जॉन लेस्कू, येस्को पार्टेके आणि ब्रायन चेंबर्स यांचा या बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांची निरीक्षणे होती. झुडपांतल्या वॉलब्या ठरल्याप्रमाणे जानेवारीच्या शेवटाकडे व्यायल्या. तळावरच्या वॉलब्या त्यांच्यापेक्षा साधारण महिनाभर उशिरा. बेट तेच, पाऊस तोच, जात तीच, मधले अंतर काही किलोमीटरचे. रात्रीच्या उजेडाने प्राण्यांवर ‘परिणाम होतो’ असे मोघम बरेच वाचायला मिळते. इथे मात्र बोट ठेवता येईल अशी तारीख आहे, म्हणून हे प्रकरण सावकाश उलगडून बघण्यासारखे आहे.

तिळातिळाने घटणारा दिवस

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात तो २१-२२ डिसेंबरपासूनच वाढू लागतो, पण ते असो. दक्षिण गोलार्धात हेच उत्तरायण उलटे लागते. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला की तिथला दिवस तिळातिळाने घटायला लागतो. पर्थच्या अक्षांशावर २२ डिसेंबरचा दिवस सुमारे सव्वाचौदा तासांचा असतो. पुढच्या आठवड्याभरात त्यातली दोन मिनिटेही कमी होत नाहीत. महिन्याभराने फरक वीस-पंचवीस मिनिटांवर जातो. हातात घड्याळ नसेल तर माणसाला हे कळणार नाही. टॅमर वॉलबीला कळते, आणि तिचे सगळे वर्ष त्या कळण्यावर बेतलेले असते.

तिचा हिशेब शेवटाकडून वाचला तर पटकन समजतो. या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणजे मे ते ऑगस्ट. गवत भरात येते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि पुढचा उन्हाळा कोरडाठक्क. पिल्लू पिशवीतून कायमचे बाहेर पडते ते जन्मानंतर आठ-नऊ महिन्यांनी. त्या काळात त्याला दूधही भरपूर लागते आणि गवतालाही तोंड लावायचे असते. म्हणजे हा काळ वसंतातच यायला हवा. तिथून आठ-नऊ महिने मागे मोजले की जानेवारीची अखेर येते. गर्भ पोटात वाढायला लागल्यापासून जन्मापर्यंत लागतात २६-२७ दिवस. तेवढे आणखी मागे गेले की आपण २२ डिसेंबरच्या आसपास पोहोचतो. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस उलटला, ही या घड्याळाची किल्ली.

जन्माचा प्रसंग बघण्यासारखा असतो. मादी पाठीमागे रेलून बसते आणि शेपटी दोन पायांमधून पुढे घेते. बाहेर येणाऱ्या जिवाचे वजन अर्धा ग्रॅमही नसते. गुलाबी, आंधळे, केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसती बोंडे. पुढच्या पायांना मात्र नखे असतात. त्यांच्या जोरावर ते आईच्या पोटावरच्या केसांतून वर चढत पिशवीत शिरते आणि चारांपैकी एका सडाला चिकटते. तो सड त्याच्या तोंडात फुगतो आणि पिल्लू त्यावर अक्षरशः अडकून बसते. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर ‘बटाव्हिया’ हे डच जहाज फुटले. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट याने तिथल्या टॅमर वॉलब्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. कांगारूच्या घराण्यातल्या प्राण्याचे युरोपीय माणसाने केलेल्या पहिल्या वर्णनांत ते मोडते. सडाला घट्ट चिकटलेली पिल्ले बघून त्याची समजूत झाली की ही पिल्ले सडांतूनच उगवतात. समजूत चुकीची, पण त्या माणसाने पिशवी उघडून नीट बघितले होते हे नक्की.

एकाच दाराला दोन कुलपे

व्यायल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते आणि नर तिच्या मागे लागतात. गर्भ राहतो. तो वाढत वाढत ८०-१०० पेशींचा, पाव मिलिमीटर व्यासाचा पोकळ गोळा होतो आणि तिथेच थांबतो. मरत नाही आणि वाढतही नाही. गर्भाशयात तरंगत पडून राहतो, जवळजवळ अकरा महिने.

हा थांबा आधी पिशवीतल्या पिल्लामुळे असतो. ते दूध ओढत असते तोवर आईचे शरीर आतल्या गर्भाला पुढे सरकू देत नाही. या काळात पिल्लू मेले किंवा हरवले तर कुलूप निघते, थांबलेला गर्भ वाढायला लागतो आणि महिन्याभरात दुसरे पिल्लू हजर. निसर्गाने राखीव ठेवलेला डाव म्हणा. जूनमधला सगळ्यात छोटा दिवस उलटला की मात्र या दारावर दुसरे कुलूप चढते, दिवसाच्या लांबीचे. आता पिल्लू गेले तरी गर्भ हलत नाही. हे कुलूप डिसेंबरअखेर दिवस घटू लागल्यावरच उघडते.

दुसऱ्या कुलपाची यंत्रणा प्रयोगशाळेत बरीच उलगडली आहे. टॅमर वॉलबी ही ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञांची आवडती प्रयोगप्राणी, त्यामुळे तिच्याबद्दल जेवढे माहीत आहे तेवढे फार थोड्या रानटी सस्तन प्राण्यांबद्दल असेल. मेंदूत पिनिअल नावाची वाटाण्याहूनही छोटी ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे संप्रेरक सोडायला लागते आणि उजाडले की थांबते. १९५८ मध्ये अमेरिकेत एरन लर्नर यांनी गुराढोरांच्या पिनिअल ग्रंथी गोळा करून त्यांतून ते वेगळे काढले. रक्तात मेलाटोनिन किती वेळ चढलेले राहिले, ती शरीराच्या लेखी रात्रीची लांबी. रात्र लांबली की मेलाटोनिनचा मुक्काम लांबतो. टॅमर मादीत पहाटे प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा एक झटका येतो, आणि तोच बीजकोशातल्या पीतपिंडाला, म्हणजे बीज सुटल्यावर तिथे उरणाऱ्या संप्रेरक सोडणाऱ्या गोळ्याला, दाबून ठेवतो. मेलाटोनिनचा मुक्काम लांबला की हा पहाटेचा झटका बंद पडतो. मग पीतपिंड जागे होते, प्रोजेस्टेरॉन हे गर्भाशयाला तयार करणारे संप्रेरक वाढते, गर्भाशय पाझरू लागते, आणि अकरा महिने थांबलेला गोळा आठवडाभरात फुगायला लागतो. मादीला मेलाटोनिन टोचून रात्र लांबल्याचा आभास दिला तरी हेच होते. पिनिअल काढून टाकली की मादी ऋतू ओळखेनाशी होते.

यातला एक मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा. वॉलबी उजेड किती प्रखर आहे हे मोजत नाही, उष्मा मोजत नाही आणि गवतही मोजत नाही. ती रात्र मोजते. दिवसाच्या लांबीवर चालणारे पंचांग असे आपण सहज म्हणतो, पण लिहिले जाते ते अंधाराच्या शाईने.

हे पंचांग जागेवर नव्हे तर आकाशावर चालते याचा पुरावा इंग्लंडात आहे. टॅमरची नातलग, टास्मानियातली बेनेट वॉलबी, हिचेही प्रजनन असेच दिवसाच्या लांबीला बांधलेले. व्हिप्सनेडच्या प्राणिसंग्रहालयात या वॉलब्या वर्षानुवर्षे मोकळ्या फिरतात. टास्मानियात त्या तिथल्या उन्हाळ्याच्या अखेरीकडे वितात, व्हिप्सनेडला इंग्लंडच्या उन्हाळ्याच्या अखेरीकडे. गोलार्ध बदलला आणि वेताची वेळ सहा महिने सरकली. जुने पंचांग त्यांनी सोबत नेले नाही, तिथल्या रात्री वाचल्या.

तळावर काय झाले

आता पुन्हा गार्डन आयलंडवर येऊ. रानातल्या वॉलबीची बाळंतपणे कोणी बघत बसत नाही. मादी पकडतात, पिशवीत बोट घालून पिल्लू आहे का ते बघतात, आणि असले की त्याच्या डोक्याची लांबी मोजतात. टॅमरच्या पिल्लांच्या वाढीची कोष्टके तयार आहेत, त्यावरून जन्माची तारीख मागे मोजत काढता येते. गावाकडे जाणता माणूस वासराचे दात बघून वय सांगतो, त्याच जातीचे हे काम, फक्त मिलिमीटरमध्ये.

या तारखांच्या जोडीला रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी मेलाटोनिनही तपासले. तळावरच्या, उजेडात चरणाऱ्या वॉलब्यांमध्ये रात्रीचे मेलाटोनिन झुडपांतल्यांपेक्षा दबलेले सापडले. उशीर आणि त्याचे कारण यांच्यामधला दुवा हा. नुसत्या तारखा असत्या तर हजार तर्क लढवता आले असते.

उजेडाने मेलाटोनिन का दबते? सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात चित्र बघणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांचे काम उजेड आहे की नाही एवढेच मेंदूतल्या घड्याळाला कळवणे. २००२ च्या सुमारास त्या ठळकपणे ओळखल्या गेल्या. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात. त्यांच्याकडून ‘उजेड आहे’ अशी खबर गेली की पिनिअलचे काम मंदावते. रात्री दहाला दिव्याच्या खांबाखाली चरणाऱ्या मादीच्या बाबतीत हीच खबर रोज, तासन्‌तास जात राहते.

थोडा आकड्यांचा अंदाज घ्यावा. स्वच्छ आभाळात पौर्णिमेचे चांदणे जमिनीवर पाव लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास पडते. नुसत्या ताऱ्यांचा उजेड त्याच्या कितीतरी पट कमी. रस्त्यावरच्या साध्या खांबाखाली दहा लक्स सहज भरतात. म्हणजे पौर्णिमेच्या चाळीसपट. शिवाय पौर्णिमा महिन्यातून एकदा येते, खांब रोज. लाखो वर्षे या जातीने चंद्राच्या कला सोसून पंचांग शाबूत ठेवले, कारण चंद्र रोज तासभर उशिरा उगवतो आणि पंधरवड्याने मावळतीला लागतो. दिवा तसे काही करत नाही.

तळावरच्या वॉलबीला दिवस घटलेला कळतच नाही, असे मात्र नाही. कळत नसते तर ती व्यालीच नसती. ती महिनाभर उशिरा का होईना पण वितेच, म्हणजे रात्र पुरेशी लांबल्यावर कुलूप उघडते. जिथे झुडपांतल्या मादीला पहिल्या काही मिनिटांचा फरक पुरतो, तिथे दिव्याखालच्या मादीला वीस-पंचवीस मिनिटांचा लागतो असे दिसते. गोंगाटात उभ्या माणसाला हळू हाक ऐकू येत नाही, जरा मोठ्याने मारली की ऐकू येते, तसे. या अभ्यासाच्या शीर्षकातला शब्दही ‘तालमेळ तुटणे’ अशा अर्थाचा आहे, आणि तो मला नेमका वाटतो. यंत्र मोडलेले नाही, त्याची वेळ चुकते आहे.

हिरवळीचा पदर

इथे चतुर वाचक विचारेल, की तळावर आणि झुडपांत फक्त उजेडाचाच फरक आहे का? नाही. तळावर हिरवळ आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात सगळे रान पिवळे पडते तेव्हाही मैदानांवर पाणी फिरते आणि कोवळे गवत मिळते. वॉलब्या तिथे दाटीने चरतात, रस्त्यावर गाड्यांखालीही येतात. मग उशीर गवतामुळे झाला असेल का?

मला हे पटत नाही, आणि कारणे सांगतो. चारा-पाणी चांगले असलेल्या जनावराचे प्रजनन सहसा लवकर किंवा जास्त होते, उशिरा होत नाही. आणि टॅमरच्या बाबतीत दिवसाच्या लांबीचे कुलूप चाऱ्यावर चालत नाही, हे बंदिस्त जागेतल्या, भरपेट खाणाऱ्या वॉलब्यांवरच सिद्ध झालेले आहे. भरपेट खाऊनही त्या डिसेंबरपर्यंत थांबतात. त्याउलट मेलाटोनिन दबले की काय होईल, याचा अंदाज प्रयोगशाळेतल्या कामावरून आधीच बांधता येत होता, आणि बेटावर तेच दिसले. तरी रानातल्या दोन जागांची तुलना ही प्रयोगाइतकी स्वच्छ कधीच नसते, हे मान्य करून पुढे जावे.

हिरवळीची खरी गोम वेगळीच आहे. महिनाभर उशिरा जन्मलेले पिल्लू पिशवीबाहेर पडणार महिनाभर उशिरा, म्हणजे ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरात. रानात तोवर गवत वाळायला लागलेले असते. आईचे दूध आटते, कोवळे काही मिळत नाही, समोर कोरडा उन्हाळा. असे पिल्लू रानात असते तर त्याची परीक्षा कठीण होती. तळावर मात्र नळीने पाणी चालू असते. ज्या वस्तीने दिवा लावून पंचांग बिघडवले, तिनेच गवत ओले ठेवून चूक झाकली. मृत्यूचा आकडा कदाचित फुगणार नाही, वॉलब्या धडधाकट दिसतील, आणि कोणी म्हणेल की मग बिघडले कुठे? बिघडले ते एवढेच की ही जनावरे आता ऋतूवर नाही, माळ्याच्या वेळापत्रकावर अवलंबून आहेत. पाणीटंचाईच्या एखाद्या वर्षी नळ्या बंद झाल्या तर उशिरा जन्मलेली पिल्ले पहिल्यांदा अडचणीत येतील. हा माझा तर्क आहे. शहरालगत तगून राहिलेल्या बऱ्याच प्राण्यांकडे या नजरेने बघितले पाहिजे असे मात्र वाटते.

बेटावरच्या या कळपांची काळजी करायला आणखीही कारण आहे. मुख्य भूमीवर कोल्ह्यांनी आणि रानमांजरांनी टॅमरचा मोठा भाग संपवला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचा तिचा प्रकार नामशेष झाला असेच मानले जात होते. मग न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर त्याचा वंश सापडला, कारण एकोणिसाव्या शतकात गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे यांनी हौसेने त्या तिथे नेऊन सोडल्या होत्या. या शतकाच्या सुरुवातीला तिथूनच काही वॉलब्या मायदेशी परत आणल्या. एका साहेबाच्या छंदामुळे प्रकार वाचला. न्यूझीलंडवाले अर्थातच त्या छंदाला आजही नावे ठेवतात, तिथे वॉलबी उपद्रवी प्राणी आहे.

कोणाला घाई, कोणाला उशीर

विजेच्या दिव्याने प्राण्याचा माज हलवता येतो हे नव्वद वर्षांपूर्वीच कळले होते. १९३२ मध्ये अमेरिकेत टी. एच. बिसोनेट यांनी फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना नोव्हेंबर-डिसेंबरात अंधार पडल्यावर काही तास विजेचा उजेड दिला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना माजावर आणले. एरवी ते वसंतात येतात. पण तो मुद्दाम केलेला प्रयोग होता. गार्डन आयलंडवर प्रयोग करायचा म्हणून कोणी दिवे लावले नव्हते.

गंमत अशी की त्याच येस्को पार्टेके यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१३ मध्ये युरोपातल्या ब्लॅकबर्ड या कस्तुरजातीच्या पक्ष्यांवर काम केले होते. रात्री फक्त ०.३ लक्स, म्हणजे जवळपास पौर्णिमेएवढा उजेड दिलेल्या नरांची जननेंद्रिये महिनाभर आधी तयार झाली. पक्षी महिनाभर लवकर, वॉलबी महिनाभर उशिरा. फ्रान्समध्ये मादागास्करच्या मूषक लेमूर या इवल्या प्राण्यावरही प्रयोग झाले. कृत्रिम उजेडातल्या नरांचे मेलाटोनिन घटले आणि प्रजननाची तयारी लवकर झाली.

हा विरोधाभास नाही. दिवा सगळ्यांना एकच खोटी गोष्ट सांगतो, की रात्र छोटी आहे. ब्लॅकबर्ड आणि लेमूर लांब दिवसांत प्रजनन करणारे, त्यांना वाटते वेळ झाली. टॅमरचे कुलूप लांब दिवसांत लागलेले राहते, तिला वाटते अजून वेळ आहे. त्यामुळे ‘उजेडाने प्रजनन वाढते’ किंवा ‘घटते’ असे सरसकट विधान कोणी केले की समजावे, त्याने प्राणी कोणता हे विचारलेले नाही.

आपल्या गोठ्याशी याचा संबंध आहे, पण जपून जोडावा लागतो. म्हैस दिवस आखूड होऊ लागले की नीट माजावर येते. उन्हाळ्यात ती येत नाही किंवा मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा, माज दाखवते, हे प्रत्येक गवळ्याला ठाऊक असते. पण उन्हाळ्यात नुसता दिवसच मोठा नसतो, ऊनही असते आणि हिरवा चाराही नसतो, त्यामुळे दोष एकट्या उजेडावर टाकता येत नाही. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यांत सव्वादोन तासांचाच फरक पडतो, पर्थला चार तासांहून जास्त. थंड देशांतली मेंढी आखूड दिवसांवर चालते. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात तिच्यासाठी १८ मिलिग्रॅम मेलाटोनिनची कांडी तयार झाली. ती कानामागे कातडीखाली बसवली की मेंढीचे शरीर लांब रात्र चालू आहे असे धरते आणि हंगामाआधी माजावर येते. भारतात उन्हाळ्यात माजावर न येणाऱ्या म्हशींवरही अशा कांड्यांचे प्रयोग झाले आहेत. म्हणजे वॉलबीच्या बाबतीत दिव्याने जे चोरले, तेच मेंढीला कांडीने परत दिले जाते. गोठ्यात चोराच्या भीतीने रात्रभर जळणारा बल्ब मालवायला सांगितला तर मालक आधी चोराचे काय ते विचारेल, आणि त्याचे बरोबरच आहे.

पिवळा दिवा

नौदलाचा तळ काळोखात ठेवता येत नाही. धक्क्यावर माणसे काम करतात, पहारा असतो. मग करायचे काय, याचे एक उत्तर रॉबर्ट यांनीच अ‍ॅलिशिया दिमोव्स्की यांच्याबरोबर शोधले. २०१८ मध्ये त्यांनी टॅमर वॉलब्यांना रात्री दोन प्रकारच्या एलईडीखाली ठेवून बघितले, एक पांढरा आणि एक गडद पिवळा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग भरपूर असतो, आणि डोळ्यातल्या त्या खबऱ्या पेशी नेमक्या निळ्यालाच दाद देतात. पांढऱ्याखाली मेलाटोनिन दबले, पिवळ्याखाली तसा परिणाम दिसला नाही. दिवा बदलून काम होण्यासारखे आहे. जगभर जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी बसवण्याची लाट चालू असताना हे उत्तर आले, हा काळाचा विनोद.

मला यात एक आकडा सतत खुणावतो. वर्षातला प्रत्येक दिवा दोषी नाही. टॅमरचे दुसरे कुलूप उघडायचे असते ते २२ डिसेंबरनंतरच्या काही आठवड्यांत. तेवढ्या पंधरा-वीस रात्री चरायच्या मैदानांवरचे दिवे खाली झाकले, कमी केले किंवा पिवळे केले, तर कदाचित बाकीच्या वर्षाशी तडजोड करता येईल. फक्त त्या रात्री नेमक्या नाताळ आणि नव्या वर्षाच्या आहेत. वर्षभरात माणूस सगळ्यात जास्त दिवे लावतो त्या.